हातात पगार, मनात अर्धवट राहिलेली डिग्री

सकाळी सातच्या सुमाराला नारायणगावच्या एसटी स्टँडवर जरा उभं राहून बघा. कुणी चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला निघालेलं असतं, कुणी पुण्याला क्लासला. गाडी येईपर्यंतच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. आहे तिथं पगार वाढेना, मग दुसरी नोकरी बघायची की पुन्हा ॲडमिशन घ्यायची? घरच्या टोमॅटोला यंदा भाव मिळेल की नाही, कुणी सांगावं! धाकटं भावंड शिकतंय. अशात घरी सांगायचं तरी कसं, की मी नोकरी सोडून शिकायला जातोय?

शंभरेक वर्षांपूर्वी हाच पेच परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या एका २८ वर्षांच्या प्राध्यापकापुढे होता. त्यांचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. चवदार तळं, गोलमेज परिषद, संविधान हे सगळं अजून पुढे होतं. आत्ता होती ती सरकारी कॉलेजातली नोकरी, पदरी संसार आणि लंडनला अर्धवट राहिलेलं शिक्षण.

मागचं थोडं सांगायला हवं. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. १९१५ ला एम.ए. झालं, १९१६ ला ते लंडनला पोहोचले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्हीकडे त्यांनी नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सगळं तिथंच सोडून परतावं लागलं. निघताना विद्यापीठाकडून त्यांनी एक गोष्ट मात्र पक्की करून घेतली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आले, तर अभ्यास पुढे सुरू करता येईल.

करार पाळायला ते बडोद्याला गेले. परदेशात शिकून आलेला हा अधिकारी, पण ऑफिसातले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकायचे. गावात राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांकडं विचारून पाहिलं, तिथंही आसरा मिळाला नाही. शेवटी कामाठी बागेत तासन्‌तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

आपण नोकरी बदलतो ती पगारासाठी, नाहीतर बॉसशी पटत नाही म्हणून. त्यांना ती सोडावी लागली, कारण त्या शहरात त्यांना डोकं टेकायलाही जागा नव्हती. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला द्यायचा धंदा काढला. सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे कळल्यावर गिऱ्हाईकं येईनाशी झाली.

मग नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, दरमहा ४५० रुपयांवर. त्या काळात हा पगार भरपूर होता. हा माणूस काय शिकवणार, अशी सुरुवातीला पोरांत कुजबुज होती. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांची मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. स्टाफरूममधल्या माठाला त्यांनी हात लावू नये असं वाटणारे प्राध्यापक मात्र तिथंही होतेच.

म्हणजे नोकरी बदलून झाली होती, आणि बरी मिळाली होती. सव्वा वर्षानंतर, मार्च १९२० मध्ये त्यांनी ती सोडली.

हे अचानक सुचलेलं धाडस नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. नोकरी लागल्यापासून ते पगारातला पैसा बाजूला टाकत होते. कमी पडले तेव्हा मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही मदत केली. लंडनची चार वर्षांची मुदत संपत आली होती. त्याच जानेवारीत 'मूकनायक' सुरू झालं होतं, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. इथं राहायला कारणं कमी नव्हती. तरी जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले. काय शिकायचंय, कुठं शिकायचंय, किती राहिलंय, हे तिन्ही त्यांना ठाऊक होतं.

लंडनमध्ये पैसा जपून वापरायचा म्हणून पोट मारलं. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, रात्री खोलीवर पुन्हा वाचन. १९२१ ला एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला सांगून परत पाठवला. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथं बसून प्रबंध दुरुस्त केला आणि पाठवला. त्याच वर्षाअखेरीस पदवी मिळाली, बॅरिस्टरीही पदरात होती.

आता तरी पैसा आला असेल, असं वाटतं ना? तर नाही. हायकोर्टात वकिली सुरू केली, पण केसेस मोजक्याच यायच्या. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते अर्धवेळ शिकवत होते. डिग्रीचा उपयोग झाला तो वेगळ्या तऱ्हेनं. भारताच्या चलनाचा विचार करायला हिल्टन यंग आयोग आला, तेव्हा त्यापुढे साक्ष देताना त्यांच्या हाताशी स्वतःचा पुरा झालेला अभ्यास होता.

या हिशेबात एक खर्च सहसा मांडला जात नाही. ते लंडनमध्ये असताना परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. या दोघांना पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत तेवढे वाचले. रमाबाई १९३५ मध्ये वारल्या. पाच वर्षांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' प्रसिद्ध झालं, ते बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं.

तर स्टँडवरच्या दोस्तांनो, नोकरी की शिक्षण याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं नाही. बाबासाहेबांनी तर दोन्ही केलं, आधी नोकरी बदलली आणि तिच्याच पगारातून शिकायला परत गेले. ॲडमिशनचा फॉर्म भरण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून काढा. आपलं नेमकं काय शिकायचं राहिलंय? त्यासाठी दरमहा किती बाजूला पडतंय? आणि आपण शिकत असताना घरी ओढाताण कोण सोसणार आहे? तिसऱ्या प्रश्नापुढे ज्या माणसाचं नाव येईल, त्याच्याशी आज संध्याकाळी घरी गेल्यावर आधी बोला.