आदर्श यंत्रकार कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या लोहार ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र वाचून काही ज्ञातिबांधवांस नवल वाटेल. लक्ष्मणराव आपल्या ज्ञातीत जन्मलेले नव्हते. इतकेच नव्हे, तर त्यांच्या लोखंडी नांगरामुळे गावोगावच्या सुतार-लोहारांचे पिढीजात काम कमी झाले, हेही आम्ही नाकारीत नाही. तथापि ज्याने आपले आयुष्य लोखंडास वाहिले, त्यास परका कसे म्हणावे? आणि गिऱ्हाईक जोडावे कसे, हे शिकण्यास आपल्या वडूजच्या आसमंतात याहून बोधप्रद चरित्र आम्हांस तरी आढळत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यात दृष्टिदोष असल्याचे ध्यानी येताच तो मार्ग खुंटला. खचून न जाता त्यांनी यंत्रांची रेखाटने करण्याची विद्या हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा त्या स्वाभिमानी पुरुषाने नोकरीवर पाणी सोडले.

दरम्यान १८८८ साली बेळगावात त्यांचे व त्यांचे बंधू रामूअण्णा यांचे सायकलींचे छोटेसे दुकान सुरू झाले होते. त्या काळी सायकल हे अपूर्वाईचे वाहन होते आणि तिची किंमत ७०० ते १००० रुपयांपर्यंत असे. हे बंधू सायकल विकून स्वस्थ बसत नसत. १५ रुपये घेऊन ती चालविण्यासही शिकवीत. ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते, परंतु त्यांच्या पुढील व्यवसायाचे बीज आम्हांस येथेच दिसते. वस्तू विकली म्हणजे व्यवहार संपला नाही; ती घेणाऱ्याच्या हाती नीट चालू लागली म्हणजेच तो पुरा झाला, हा त्यातील धडा होय.

पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. या ठिकाणी आपण क्षणभर विचार करावा. गावच्या लोहारास बलुत्याच्या पद्धतीत गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. कुळे ठरलेली, फाळ पाजवून द्यावा आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणावे. विश्वास हा वडिलार्जित असे. लक्ष्मणरावांपाशी असा वारसा नव्हता. त्यांना एकेका अनोळखी शेतकऱ्याचा विश्वास स्वतः मिळवावा लागला, आणि तो त्यांनी धीराने मिळविला.

बेळगावची जागा नगरपालिकेने घेतल्यामुळे कारखाना हलविण्याचा बिकट प्रसंग आला. तेव्हा आपल्या खटाव तालुक्यातील औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. हा स्नेह आकस्मिक नव्हता. औंधच्या श्रीयमाईच्या देवालयातील मंडपाचे काम लक्ष्मणरावांनी पूर्वी केले होते. शिवाय बाळासाहेब स्वतः चित्रकार. मन लावून केलेले काम आणि कलेची समान आवड यांतून जुळलेला तो ऋणानुबंध होता. बाळासाहेबांनी कुंडल येथील ३२ एकर माळ व १०,००० रुपये बिनव्याजी दिले. निवडुंगांनी व सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते.

वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविली. माणसावर आधी विश्वास टाकावा, म्हणजे तो त्यास पात्र होऊ पाहतो, अशी त्यांची श्रद्धा असावी असे आम्हांस वाटते. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. तोफेचा नांगर व्हावा, याहून घणाचा मोठा गौरव तो कोणता!

१९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचविण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे मराठीतील एक नामांकित मासिक झाले. नांगर घेणारा शेतकरी अशा रीतीने वाचकही झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

आता आपल्याकडे वळू. बलुते गेले, ऐरणीची जागा बहुतेक ठिकाणी वेल्डिंगच्या यंत्राने घेतली, आणि आपले तरुण खिडक्यांच्या जाळ्या, दरवाजे व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवू लागले. यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. खंत इतकीच की, बलुत्याबरोबर गिऱ्हाइकाची नावानिशी ओळखही जाऊ लागली आहे. आगाऊ रक्कम घ्यावी, वायदा चुकवावा आणि दुरुस्तीला आलेल्यास उद्या या म्हणावे, असे जेथे घडते तेथे यंत्र कितीही नवे असले तरी दुकान जुने होते. आपले आजे-पणजे कोणाच्या बैलाचा खांदा कसा, कोणाच्या रानात खडक किती, हे जाणून फाळ घडवीत. ती जाण हीच आपली खरी वतनदारी. ती कोणत्याही कायद्याने गेलेली नाही.

आमच्या तरुण बंधूंनी यंदाच्या सुगीपूर्वी एवढेच करावे : गेल्या वर्षी ज्यांना माल दिला, त्यांच्या घरी एकदा जावे, दरवाजा नीट लागतो काय, ट्रॉलीचा जोड टिकला काय, हे पाहावे, आणि उणे असेल ते पैशाविना नीट करून द्यावे.