केडगावची प्रार्थना

शाळेत पंडिता रमाबाई आपल्याला ‘जोड्या लावा’पुरत्या भेटल्या. डावीकडे त्यांचं नाव, उजवीकडे शारदा सदन, आणि गुण एक. त्या जोडीत न मावलेली एक गोष्ट आहे, ती स्मरणिकेच्या निमित्ताने सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. त्याच आईने मुलीला शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब देशभर भटकलं. १८७४ मध्ये, दुष्काळातल्या हालअपेष्टांत, आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरवलं, तेव्हा त्या विशीत होत्या. पुढे भाऊ गेला, लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पतीही गेले. तान्ह्या लेकीला घेऊन त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला, तो आपल्याला ठाऊक आहे. पण चर्चमध्येही बाईंनी निमूट मान डोलावली नाही, हे कमी सांगितलं जातं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. कलकत्त्याच्या पंडितांपुढे बोललेल्या बाईला ती पटणं शक्यच नव्हतं. कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, हा प्रश्न असा धर्म बदलल्यावरही त्यांच्या मागे आला.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय या आरोपावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. नंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो मुली आणल्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात जवळपास दोन हजार जणी राहत होत्या. पुणे-दौंड गाडीने जाताना आपण ज्या स्टेशनवरून पुढे निघून जातो, तेच हे केडगाव.

१९०५ च्या जानेवारीत बाईंनी रोज प्रार्थनेला बसायला कोण येईल, असं विचारलं. सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस एके दिवशी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, आणि समोरच्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडत होती, कोणी आपली पापं कबूल करत होती. आवाज इतका वाढला की बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

त्या थांबल्या. मला रमाबाईंच्या चरित्रातला हा सर्वांत मोठा क्षण वाटतो. संस्कृत सभा गाजवणारी वक्ती आपलं प्रवचन सोडून देते, आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळखही नुकतीच झालेल्या पोरी बोलतात.

पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आत्म्याच्या दानांची यादी आहे : ज्ञान, आरोग्य देणं, संदेश सांगणं, अन्य भाषा बोलणं. ही दानं मंडळीतल्या वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलेली असतात, एकट्या पाळकाला नव्हे, असं ते पत्र मानतं. गंमत म्हणजे, बायकांनी सभेत गप्प राहावं हेही त्याच पत्रात आहे. केडगावात पुढच्या वर्षी काही मुली अन्य भाषांतही बोलू लागल्या. हा गोंगाट आहे, उन्माद आहे, अशी टीका झाली. टीकाकारांत मिशनरीही होते. रमाबाईंनी अन्य भाषेला खऱ्या श्रद्धेची कसोटी मानलं नाही, आणि मुलींना आवरलंही नाही. हिंदी माणसाने परदेशी शिस्तीतच देवाला हाक मारावी, हे त्यांना मान्य नव्हतं.

ज्यांचं अन्नवस्त्र बाईंच्या हातात, त्या मुलींच्या भक्तीत मोकळेपणा कितपत असणार, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. पण बाईंना खूश करायचं असतं, तर त्या मुली हात जोडून शांत बसल्या असत्या. पुढे त्या टोळ्यांनी आसपासच्या गावांत उपदेशाला जाऊ लागल्या, भर उन्हात, पायी.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीच्या भाषांतरांतले संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी टाळले. (आम्हा संगणकवाल्यांना विचारा : आपल्याला येणारा अवघड शब्द गाळणं किती जड जातं!) एखाद्या खेडुत बाईला ते पुस्तक कोणी समजावून सांगायची गरज पडू नये, एवढाच हिशेब. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायकांनीच केलं.