न मागता मिळालेली भाकरी : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला आठवतं ते शाळेतलं इतिहासाचं पुस्तक. शारदा सदन, मुक्ती सदन, दोन मार्कांचं उत्तर आणि विषय संपला! पण पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवर केडगाव लागतं, तिथे या बाईंनी जे उभं केलं ते दोन मार्कांत मावणारं नाही. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण त्यांच्याशी वागावं, असं येशू ख्रिस्ताने डोंगरावरच्या प्रवचनात शिकवलं. ऐकायला किती सोपं! रमाबाईंनी ते पाळायचं ठरवलं आणि मग कळलं की ते किती महाग पडतं.

२३ एप्रिल १८५८ ला गंगामूळच्या जंगलात रमाचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांचा 'गुन्हा' एकच, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं! पुढे आईने रमाला शिकवलं. पुराणं सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब गावोगाव पायी फिरायचं. १८७० नंतरच्या दुष्काळात पुराण ऐकायला कोण येणार? असलेलं सगळं विकून संपलं. रानातली फळं सालीबियांसकट गिळायची वेळ आली. आधी वडील गेले. मग आई आजारी पडली आणि तिने बाजरीची भाकरी मागितली. रमा शेजारच्या घरी मागायला गेली खरी, पण तोंडातून शब्द फुटेना. भीक मागायची सवय नव्हती ना! त्या घरातल्या बाईने चेहऱ्यावरून ओळखलं आणि न मागता भाकरी हातात ठेवली. आईला मात्र ती खाण्याइतकीही ताकद उरली नव्हती. आई गेली तेव्हा तिरडीला चौथा माणूस मिळेना, म्हणून रमा उभी राहिली. उंची कमी, त्यामुळे तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. थोरली बहीणही गेली. उरले ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी पार पंजाबपर्यंत गेले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली. आपल्याला होस्टेलची गादी टोचते!

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचं लग्न केलं. १८८२ मध्ये तेही गेले. पदरात एक वर्षाचीही न झालेली मनोरमा, वय तेवीस, विधवा.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात म्हणून साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंड गाठलं. वाँटेज गावच्या जोगिणींकडे त्या राहत होत्या. या जोगिणींचं लंडनमध्ये एक घर होतं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे सांभाळत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि चकित झाल्या. अशा बायकांशी माणसासारखं वागणारं कुणी असतं हेच त्यांना नवीन होतं! २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याला कारणं बरीच होती, पण माझ्या मते खरं बी इथे पडलं.

पण रमाबाई कुणाच्या मुठीत राहणाऱ्या नव्हत्या. गुरू म्हणून वागणाऱ्या जोगिणी चर्चची प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी मान म्हणत, आणि ह्या पटल्याशिवाय मानत नसत. शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आपल्या मनावर दुसऱ्याने जबरदस्ती केली की कसं वाटतं हे त्यांनी तिथे चांगलंच अनुभवलं.

आणि कसोटी पुढे आली ती नेमकी इथेच. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. बालविधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. पैसा अमेरिकेतून, पण धर्म शिकवायचा नाही हे ठरलेलं. मुलींना आपले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळता यावेत अशी सोयही केली होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली आत येऊन बसू लागल्या. झालं! 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं, मी कुणाला बोलावत नाही आणि येणारीला हाकलणारही नाही.

इथे बाजू घेणं अवघड आहे. जिने आसरा दिला तिच्या उघड्या दारासमोरून जाताना लहान मुलीचे पाय आत वळणारच, त्याला पूर्ण मोकळीक कशी म्हणायची? रानडे काही हलक्या कानाचे नव्हते. पण त्या मुलींना परत घरी नेलं म्हणजे कुठे नेलं? तेच केशवपन, तोच अंधारा कोपरा. त्यांना स्वतःला काय हवंय हे या भांडणात किती जणांनी विचारलं? मला विचाराल तर दार उघडं ठेवणं चूक नव्हतं. पण उघड्या दाराचंही वजन पडतं, ते रमाबाईंना पुरेसं दिसलं नसावं.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे निघाल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना आठवली. सरकारी मदत केंद्रांभोवती पोरक्या मुलींवर वाईट नजर ठेवणारे लोक घिरट्या घालत होते. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावला ठेवलं. तिथे १०० एकरांच्या आसपास जमीन घेतलेली होती. नुसतं माळरान! विहिरी खणल्या, शेड उभारल्या. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इथे मात्र शारदा सदनासारखा आडपडदा नव्हता. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या.

दोन हजार तोंडं! आपण मेसचा हिशोब करतो तसा करून बघा. शेती, दूधदुभतं, विणकाम, तेलघाणा हे सगळं बायका चालवायच्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. आणि लंडनच्या त्या घरासारखंच 'कृपासदन' काढलं, ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं त्या बायकांसाठी. छापखानासुद्धा होता आणि खिळे जुळवायला मुलीच.

हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी एकटीने अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. साध्या बाईला कळावं अशी भाषा हवी, हा हट्ट. त्यात अनेक वर्षं गेली. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल केडगावच्या त्याच छापखान्यातून छापून बाहेर पडलं.