वैमानिक टाटा

धाराशिवच्या वर्गात औद्योगिकीकरण शिकविताना जे. आर. डी. टाटा (१९०४–१९९३) यांचे नाव पोलादाच्या ओघात येते. त्यांच्यातील वैमानिक पाठ्यपुस्तकाबाहेरच राहतो. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १९२९ साली त्यांना मिळाला. १९३० च्या आगाखान पारितोषिकाच्या शर्यतीत, इजिप्तमध्ये अडकून पडलेले प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर यांना त्यांनी आपल्याजवळचा स्पार्क प्लग दिला आणि शर्यत गमावली. हा व्यवहार कोणत्या खात्यात मांडावा, हे निदान मला तरी सांगता येत नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या विमानातून त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. सरकारी अनुदान नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा पुण्याहून उड्डाणे होत. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी विनावेतन सांभाळले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. आमच्या मते तो निर्णय कृतघ्नपणाचाच होता. टाटा मात्र १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ‘लेपर्ड मॉथ’ हे जुने विमान घेऊन कराचीहून निघाले आणि एकट्याने उडत पुन्हा जुहूला उतरले.