चे गेव्हारा

अर्नेस्तो 'चे' गेव्हारा (१४ जून, इ.स. १९२८, रोसारियो, आर्जेन्टिना – ९ ऑक्टोबर, इ.स. १९६७, ला इगेरा, बोलिव्हिया) हे क्युबाच्या क्रांतीचे एक प्रमुख नेते होते. ते शिक्षणाने डॉक्टर होते. दम्याने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही. तरीही ते चिरूट व पाइप ओढीत असत.

बालपण आणि शिक्षण

मे १९३० मध्ये, वयाची दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, गेव्हारा यांना दम्याचा पहिला झटका आला. कोरडी हवा मानवेल या आशेने कुटुंबाने कोर्दोबा प्रांतातील आल्ता ग्रासिया येथे बिऱ्हाड हलविले. आजारामुळे शाळा बुडत असल्याने आई सेलिया यांनी त्यांना आरंभीचे शिक्षण घरीच दिले. पुढे प्रकृतीची तमा न बाळगता ते रग्बी खेळू लागले.

इ.स. १९५३ मध्ये त्यांनी ब्युनॉस आयर्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली. विद्यार्थिदशेत त्यांनी अ‍ॅलर्जीतज्ज्ञ साल्वादोर पिसानी यांच्या हाताखाली काम केले होते. त्यामुळे रुग्ण आणि वैद्य अशा दोन्ही नात्यांनी त्यांना या विकाराची ओळख होती.

क्रांती व धूम्रपान

नोव्हेंबर १९५६ मध्ये 'ग्रान्मा' नौकेतून ८२ जण मेक्सिकोहून क्युबाकडे निघाले. गेव्हारा यांच्याजवळ दम्याचे औषध नव्हते आणि प्रवासातच त्यांना तीव्र झटका आला. सिएरा माएस्त्राच्या डोंगरांत अ‍ॅड्रेनलिन संपले की ते एका स्थानिक वनस्पतीची वाळलेली पाने ओढून आराम मिळविण्याचा प्रयत्न करीत. याच काळात त्यांना चिरुटाची सवय जडली. धुरामुळे डास दूर राहतात, हे तिचे एक कारण सांगितले जाते.

इ.स. १९५९ मध्ये फुप्फुसांच्या आजारामुळे त्यांना हवानाजवळील तरारा येथे विश्रांती घ्यावी लागली. डॉक्टरांनी दिवसाला एकाच चिरुटाची मुभा दिली, तेव्हा त्यांनी भलामोठा चिरूट मिळविला, अशी आख्यायिका आहे. निकोटिनयुक्त च्युइंगम, पट्ट्या किंवा ई-सिगारेट हे पर्याय त्या काळी उपलब्ध नव्हते. तंबाखूच्या धुराने श्वासनलिकांचा दाह वाढतो. म्हणून दम्याच्या रुग्णाने धूम्रपान केवळ कमी न करता पूर्णपणे सोडणेच हितकर मानले जाते.

अखेरचे दिवस

इ.स. १९६६ मध्ये ते गनिमी लढ्यासाठी बोलिव्हियात गेले. ऑगस्ट १९६७ मध्ये तेथील सैन्याने त्यांचे गुप्त साठे हस्तगत केले. त्यांत दम्याची औषधेही होती. त्यानंतरचे आठवडे त्यांनी औषधाविना काढले. ८ ऑक्टोबर रोजी ते पकडले गेले व दुसऱ्या दिवशी त्यांना ठार करण्यात आले. इ.स. १९९७ मध्ये त्यांचे अवशेष व्हायेग्रांदे येथे सापडले. त्यांचे दफन क्युबातील सांता क्लारा येथे करण्यात आले.