गणिताला गोष्टीत आणणारे महावीराचार्य

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे नीरा भीमेस मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. तेथे तिला कागिणा नावाची नदी येऊन मिळते. या कागिणेच्या काठी, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, मळखेड नावाचे गाव आहे. नवव्या शतकात हेच मान्यखेट, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांची राजधानी होते. आपला भीमा-नीरेचा मुलूखही त्याच साम्राज्यात मोडत असे. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणाऱ्या या राजाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

नामसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. भगवान महावीर वेगळे. त्यांना ग्रंथारंभी वंदन करणारे हे दिगंबर आचार्य त्यांच्यानंतर सुमारे तेराशे वर्षांनी झाले. आचार्यांनी ग्रंथात राजाचा गौरव केला, पूर्वसूरींचे ऋण मानले; स्वतःचे गाव, कुल, आईवडील यांविषयी मात्र मौन पाळले. त्यामुळे त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथच होय. नऊ प्रकरणे आणि अकराशेहून अधिक श्लोक असा त्याचा विस्तार आहे. व्यापार, संगीत, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, व्याकरण अशा सर्व ठिकाणी गणित व्यापून असल्याचे त्यांनी प्रारंभीच सांगितले आहे.

आज आपल्या घराघरांतून नववी-दहावीच्या मुलामुलींना बीजगणिताची धास्ती वाटते. समीकरण सोडवता येते, पण शाब्दिक उदाहरण आले की पेन थांबते. कारण उघड आहे. क्ष आणि य यांची ओळख होते ती फळ्यावर, व्यवहारात नव्हे. आचार्यांची रीत नेमकी उलटी होती. आधी गोष्ट, मग रीत. त्यांच्या उदाहरणांत तुटलेल्या हारातील मोती आहेत, कमळांवरील भुंगे आहेत, जिनपूजेची फुले आहेत.

त्यांचे आंब्यांचे उदाहरण पाहावे. आंब्यांच्या राशीतून राजाने एक षष्ठांश घेतले. उरलेल्यातून राणीने एक पंचमांश, मग तीन राजपुत्रांनी क्रमाने उरलेल्याचे एक चतुर्थांश, एक तृतीयांश व निम्मे घेतले. सर्वांत धाकट्यास तीन आंबे उरले. एकूण आंबे किती? उत्तर अठरा. गंमत अशी की, अपूर्णांक निरनिराळे असूनही प्रत्येकाच्या वाट्याला तीनच आंबे आले! वर्गात अठरा चिंचोके घेऊन सहा विद्यार्थ्यांकडून ही वाटणी करवून घ्यावी. शेवटाकडून मागे जाणे म्हणजे काय, हे त्यांच्या हातांनाच कळेल.

आम्हा व्यापाऱ्यांना अधिक जवळचे वाटावे ते थैलीचे उदाहरण. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, थैली मला मिळाली तर माझ्याकडे तुम्हा दोघांच्या मिळून दुप्पट धन होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तुमच्या तिप्पट. तिसऱ्याचा दावा पाचपटीचा. प्रत्येकाजवळ किती आणि थैलीत किती?

चार अज्ञात राशी आणि समीकरणे तीनच. पुस्तकी मुलगा येथे गोंधळतो. परंतु तिघांचे धन व थैली मिळून होणारी एकूण रक्कम लक्षात घेतली की गाठ सुटते. पहिल्याच्या म्हणण्याप्रमाणे ती एकूण रक्कम इतर दोघांच्या धनाच्या तिप्पट ठरते. दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे चौपट, तिसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे सहापट. तीन, चार व सहा यांचा लसावि बारा. एकूण रक्कम बारा धरली तर दोघादोघांच्या बेरजा चार, तीन आणि दोन येतात; त्या सर्वांची बेरीज नऊ, म्हणजे तिघांजवळ मिळून साडेचार. अर्धे नाणे टाळण्यासाठी सर्व दुप्पट करावे. पहिल्याजवळ एक, दुसऱ्याजवळ तीन, तिसऱ्याजवळ पाच आणि थैलीत पंधरा. पडताळा तोंडी घेता येतो : एक अधिक पंधरा म्हणजे सोळा, आणि तीन व पाचाची दुप्पटही सोळा. चार मुले उभी करून हा प्रवेश वर्गात सहज करता येईल. मग विचारावे, दोन, सहा, दहा आणि तीस हेही उत्तर चालेल का? चालते. समीकरण कमी पडले की उत्तरे अनेक होतात, हा बीजगणितातील मोठा धडा आहे. युरोपात फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथात थैलीची अशी उदाहरणे आढळतात, म्हणजे आचार्यांनंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी.

कंटाळलेल्या वर्गासाठी आचार्यांचे कंठहार आहेत. १३९ गुणिले १०९ केले की १५१५१ येतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१. दोन्ही बाजूंनी वाचा, सारखेच. हे असे का होते, हे विचारणाऱ्या मुलाला शिक्षकांनी गप्प बसवू नये.

आचार्यांचे सर्वच बरोबर होते असा आंधळा अभिमान मात्र नको. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असे त्यांनी मांडले. ते आज मान्य नाही. दहा मीटर तागा शून्य मीटरच्या तुकड्यांत कापायचा तर कात्री कोठे लावणार? याउलट, ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कोणत्याही संख्येचा वर्ग होऊ शकत नाही, हे त्यांनी स्वच्छ ओळखले होते. आपल्या महाराष्ट्रातील भास्कराचार्यांचे बीजगणित त्यानंतर तीनशे वर्षांनी, ११५० च्या सुमारास आले.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत नेला. पुढे त्याची आठवण मंदावली. १९१२ मध्ये मद्रासचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला. लक्ष्मीचंद्र जैन यांचे हिंदी भाषांतर १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले तेही आपल्या शेजारी, सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून. त्यातील वीस-पंचवीस उदाहरणे निवडून सोप्या मराठीत पाठशाळेतील मुलांसाठी आणण्याचे काम आपल्यातील शिक्षक बंधु-भगिनींनी हाती घ्यावे. आंब्यांचे उदाहरण प्रकीर्णक प्रकरणात आहे आणि थैलीचे मिश्रक प्रकरणात. आरंभास ही दोन प्रकरणे पुरेत.