विश्लेषण : हेलियमचा शोध खरेच विजयदुर्गावर लागला का? कोण होते नॉर्मन लॉकयर?

सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ पाहताना एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते : १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर साहेबाने इथेच हेलियम शोधला. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले, पण ३० वर्षांनी.

कारकून ते शास्त्रज्ञ
१८३६ मध्ये रग्बी येथे जन्मलेले लॉकयर लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते. खगोलशास्त्र हा त्यांचा छंद. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा ग्रहण नसतानाही वर्णपटमापकातून दिसतील, हा त्यांचा अंदाज २० ऑक्टोबर १८६८ रोजी खरा ठरला. गुंटूरहून ग्रहण पाहिलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनाही ही युक्ती स्वतंत्रपणे सापडली होती.

वर्णपटातली एक पिवळी रेषा मात्र कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. लॉकयर यांनी ते नवे मूलद्रव्य मानले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ म्हटले गेले. अनेकांनी शंका घेतली. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना तो वायू पृथ्वीवरच सापडला आणि वाद मिटला.

१८६९ मध्ये लॉकयर यांनी ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक सुरू केले आणि ५० वर्षे संपादले.

मग विजयदुर्ग?
२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर यांची मोहीम विजयदुर्गाला आली. ओट्यांची गोष्ट जुळते ती या ग्रहणाशी.

मंदिरे आणि तारे
प्राचीन लोकांनी मंदिरे सूर्य-ताऱ्यांच्या दिशेने बांधली का, हा प्रश्न त्यांनी १८९४ च्या ‘द डॉन ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ या पुस्तकात इजिप्तच्या संदर्भात मांडला. पृथ्वीच्या अक्षाचा कल सावकाश बदलतो, त्यामुळे सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य उगवण्याची जागाही किंचित सरकते. याच हिशेबाने १९०१ मध्ये त्यांनी स्टोनहेंजचा काळ इसवी सनपूर्व १६८० च्या सुमाराचा ठरवला. पुढे कार्बन कालमापनाने तिथले मोठे दगड इसवी सनपूर्व २५०० च्या आसपासचे निघाले. उत्तर चुकले, पण प्रश्न टिकला. आज त्याच प्रश्नावर पुराखगोलशास्त्र ही ज्ञानशाखा उभी आहे.

लॉकयर यांचे १९२० मध्ये निधन झाले. १८६८ चा शोध विजयदुर्गाचा नाही. १८९८ चे ग्रहण मात्र विजयदुर्गाच्या इतिहासात पक्के आहे.